थ्रीडीत न दिसणारी खोली

"श्वास रोखा, मंडळी. डोळे मिटा. दादा येतायत."

पंचवीस माणसांनी एकदम श्वास रोखला. माझ्या ताईच्या पुढच्या खोलीत एरवी सहा माणसं बसली तरी गुडघ्याला गुडघा लागतो. त्या शनिवारी दुपारी चार वाजता तिथे खुर्च्यांवर, सतरंजीवर, खिडकीच्या कट्ट्यावर आणि जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत माणसं दाटीवाटीनं बसली होती. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आणि सगळ्यांच्या समोर, टेबलावर, माझ्या भाऊजींचा, म्हणजे या सगळ्यांच्या दादांचा, कॉम्प्युटर होता. भाऊजींना जाऊन तेरा महिने झाले होते.

स्क्रीनवर याच घराचा नकाशा होता. शेजारी रेषामहाराज उभे. पांढरा झब्बा, कानावर पेन्सिल. त्या पेन्सिलीनं त्यांनी आयुष्यात एक रेघ ओढली असेल तर शपथ.

"डोळे उघडा. ही बघा, घराच्या मागच्या बाजूची नवी खोली. दादांनी स्वतःच्या हातानं काढलेली. चार भिंती, एक दार, पूर्वेला एक खिडकी. दिसते का सगळ्यांना?"

"दिसते!" सगळे म्हणाले.

"आता दादांनाच विचारू. दादा, ही खोली या घराला हवी का?"

महाराजांनी माउस दाबला. आडवा नकाशा गेला आणि घर थ्रीडीत उभं राहिलं. पायऱ्या, कठडा, छप्पर, भिंतींचा पिवळट रंग, सगळं जागच्या जागी. फक्त मागे खोली नव्हती. तिथे मोकळं अंगण होतं.

"नाही म्हणाले!" महाराज गरजले. "सलग नवव्या शनिवारी नाही म्हणाले!"

खोलीभर हाय हाय झालं. जिन्यावरची एक बाई रडायलाच लागली. माझ्या ताईनं पदरानं डोळे टिपले आणि कॉम्प्युटरला हात जोडले. मी दारात उभी होते. आत जागा नव्हती हे खरं, पण दारात उभं राहण्याचं कारण वेगळं होतं. ती खोली माझ्यासाठी काढलेली होती.

आता मी कोण ते सांगते. वय त्रेपन्न, लग्न केलं नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या एका खोलीत राहते. घराचे नकाशे काढायचा जो प्रोग्रॅम भाऊजी वापरत, त्याच प्रोग्रॅमच्या हेल्पलाइनवर मी बारा वर्षं बसते आहे. आपल्या भाषेत ही हेल्पलाइन चालवणारे आम्ही तिघंच. कुणाची भिंत भिंतीला चिकटत नाही, कुणाच्या घराला छप्पर बसत नाही, कुणी फूट समजून मीटरमध्ये आकडे घातलेले असतात आणि त्याचं न्हाणीघर मैदानाएवढं झालेलं असतं. माझं पहिलं वाक्य ठरलेलं, "एकदा बंद करून परत सुरू केलंत का?" ऑफिसात माझं नाव बंदचालूबाई पडलंय, आणि मला त्याचा राग येत नाही.

हे काम मी घरूनच करते. सकाळी नऊला हेडफोन चढवते, सहाला उतरवते. दिवसभरात चाळीस माणसांशी बोलते आणि एकाचंही तोंड बघत नाही. सहानंतर माझ्या खोलीत कुणाचाच आवाज नसतो, माझासुद्धा. कधीकधी मी उगाचच जेवताना "मीठ कमी पडलं" असं मोठ्यानं म्हणते. म्हटलं की आणखी वाईट वाटतं.

भाऊजींच्या हे लक्षात आलं असावं. ते घरांचे ड्राफ्ट्समन, आतल्या खोलीत बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढायचे. एक दिवस त्यांनी मला फोन केला. "तुझी खोली काढतोय. खिडकी कुठे हवी?" मी म्हटलं, "पूर्वेला." एवढंच बोलणं झालं. पुढे दोन महिन्यांनी ते दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत.

त्यानंतर तीन महिने ताईनं कॉम्प्युटर उघडला नाही. मग एका दुपारी धीर करून बटण दाबलं, नकाशाचा प्रोग्रॅम उघडला, आणि स्क्रीनवर अक्षरं आली. "तुमचं अपुरं राहिलेलं काम जपून ठेवलं आहे. परत आणू का?"

ताईनं किंकाळी फोडली. शेजारचे शिंपीकाका धावत आले. त्यांना वाटलं, कॉम्प्युटर बिघडला, म्हणून त्यांनी बाजारातल्या ओळखीच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो माणूस आला, त्यानं ते वाक्य वाचलं, खुर्चीत कोसळून रडणारी माझी ताई बघितली, आणि म्हणाला, "ताई, हा बिघाड नाही. हा निरोप आहे." त्या दिवसापासून दुरुस्तीवाल्याचे रेषामहाराज झाले.

पुढे निरोपांचा पाऊसच पडला. एकदा छपरावर कौलांच्या जागी लाल चौकड्या आल्या. महाराज म्हणाले, दादांचा कोप. मी सांगते काय झालं होतं ते. कौलांचा फोटो ज्या फोल्डरमध्ये होता तो कुणीतरी हलवला, प्रोग्रॅमला फोटो सापडेना, म्हणून त्यानं लाल चौकड्या दाखवल्या. दिवसाला असे तीन फोन मला येतात. एकदा सगळं घर ठिपक्याएवढं झालं. महाराज म्हणाले, संसार असार आहे हे दादा दाखवतायत. अहो, नकाशाच्या बाहेर लांब कुठेतरी चुकून एक टिंब पडलं की ते टिंबसुद्धा चौकटीत बसवायला प्रोग्रॅम घर बारीक करतो. टिंब पुसा, संसार परत मोठा होतो!

पण खोलीचं प्रकरण सगळ्यांत गाजलं. नकाशात दिसते, थ्रीडीत दिसत नाही. शिंपीकाकांना पहिल्यांदा संशय आला होता. ते म्हणाले, "मी काढतो खोली, माझ्या हातानं." काढली. थ्रीडीत नाही. मग शाळेतल्या एका बाईंनी काढली. तीही नाही. तेव्हापासून गर्दी दुप्पट झाली. लोक आपापल्या गेलेल्या माणसांबद्दल विचारायला लागले. महाराजांनी ताईच्या पुढच्या खोलीला 'बैठक' म्हणायला सुरुवात केली, आणि आता वरचा मजलाही बैठकीला लागेल असं बोलून दाखवलं. घरात राहायला दुसरं कुणी आलं असतं तर हे जमलं नसतं, हे सांगायला नकोच.

ताईचा फोन आला तो अगदी हळू आवाजात. "बारके, वाईट वाटून घेऊ नकोस. पण ह्यांची इच्छा नाही गं."

"कशाची?"

"तू इथे राहायला येण्याची. आठदा विचारलं. आठदा नाही म्हणाले."

मी फोन ठेवला आणि भिंतीकडे बघत बसले. मला माहीत होतं की हा प्रोग्रॅमचा काहीतरी साधा घोळ आहे. तरी मला रडू आलं. बारा वर्षं लोकांना शहाणपण शिकवणारी मी, आणि माझ्याही मनात येऊन गेलं, खरंच नको असेन का मी त्यांना?

म्हणून त्या शनिवारी मी ताईकडे गेले होते. दोन गोष्टी मी दारातूनच टिपल्या. पहिली म्हणजे, स्क्रीनच्या उजव्या कडेला चार बोटं रुंद काळी चिकटपट्टी लावलेली होती. "ती दादांची जागा," महाराज सांगत होते. "तिथे नजर टाकायची नाही." दुसरी गोष्ट त्यांचा आवाज. मी माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाही, आवाजावरून ओळखते. बोलता बोलता मध्येच जिभेनं 'टच्' करायची महाराजांची सवय मी कुठेतरी ऐकली होती, आणि चाळीस मिनिटं ऐकली होती.

आणखी एक गोष्ट दिसली, ती मी कुणाला सांगितली नाही. त्या पंचवीस माणसांत जोडीनं आलेलं एकही नव्हतं. सगळी एकेकटी. पहिल्या रांगेत घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा होते, ते दर शनिवारी बायकोचा फोटो पिशवीत घालून आणत आणि पिशवीतच ठेवत.

सगळे गेल्यावर मी ताईला म्हटलं, "ताई, मला पाच मिनिटं कॉम्प्युटरवर बसू दे. खोली दाखवते तुला."

ताई आडवी उभी राहिली. "नको. महाराजांनी सांगितलंय, घरचं कुणी हात लावायचा नाही."

"अगं, माझं कामच ते आहे."

"तुझं काम आहे म्हणूनच नको." ताईचा आवाज चढला. "तू बसलीस की खोली दिसणारच. तुला खोली हवी आहे, बारके. तुला हवं तसं तू करशील."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं, कारण त्यात तथ्य होतं. ज्याला निकाल हवा असतो त्यानंच तपासणी केली तर कोण विश्वास ठेवेल? मी पर्स उचलली आणि निघाले.

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. बुधवारी एका बाईंचा फोन आला, नवीनच शिकत होत्या. "मी काढलेलं कपाट थ्रीडीत दिसत नाही हो." मी विचारलं, "समोर काय दिसतंय ते सांगा." चार मिनिटांत त्यांचं कपाट दिसायला लागलं. मी त्यांचा कॉम्प्युटर बघितला नव्हता, हातही लावला नव्हता, त्या कुठल्या गावच्या ते मला माहीत नव्हतं. त्या "थँक्यू" म्हणाल्या, फोन बंद झाला, आणि मी हेडफोन हातात धरून तशीच बसले. बारा वर्षं मी दुसऱ्याच्या हातांनी दुरुस्ती करत आले होते. मग ताईकडेच माझे हात कशाला हवे होते?

पुढच्या शनिवारी मी साडेतीनलाच पोचले. माणसं जमल्यावर उभी राहिले आणि म्हणाले, "महाराज, दादांना एक प्रश्न मलाही विचारायचाय. मी कॉम्प्युटरला हात लावणार नाही. मी स्वयंपाकघरात दार लावून बसते. ताईच्या फोनवर फोन करते, तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवा. मी सांगेन, ताई करेल. चालेल?"

महाराजांनी जिभेनं टच् केलं. "टच्. बाई, दादांची परीक्षा घेताय?"

"छे हो. विचारपूस करतेय. मेहुणी आहे मी त्यांची."

हशा पिकला. शिंपीकाका म्हणाले, "करू द्या की महाराज. दादा काय घाबरतात होय?" आता नाही म्हणणं महाराजांना जड गेलं असतं. शिवाय न बघता ही बाई काय करणार, असं त्यांना वाटलं असावं. ते म्हणाले, "दादांचं दार सर्वांना उघडं आहे."

मी स्वयंपाकघरात गेले, दार लावलं, ओट्याकडे तोंड करून स्टुलावर बसले आणि फोन लावला. पलीकडून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू?" सवयीनं तोंडातून गेलंच. बाहेर पुन्हा हशा. "ताई, बसलीस का खुर्चीवर? माउस धर. थ्रीडी उघड. आता मला सांग, समोर काय दिसतंय?"

"ह्यांची नाराजी दिसते," ताई म्हणाली.

"ते तुला वाटतंय. डोळ्यांना काय दिसतंय?"

ती म्हणाली, "घर. छप्पर. मागे अंगण. खोली नाही."

"छान. आता परत नकाशावर जा. डावीकडे सामानाची चित्रं आहेत. त्यातली एक खुर्ची उचल आणि पुढच्या खोलीच्या मधोमध ठेव."

"खुर्ची कशाला?"

"ठेव तर."

"ठेवली."

"नकाशात दिसते? सगळ्यांना विचार." सगळे हो म्हणाले. "आता थ्रीडी दाब आणि घराच्या आत जा."

माउसचा टक् असा आवाज आला. मग शिंपीकाका म्हणाले, "खुर्ची नाही!"

"टच्. बघा!" महाराज म्हणाले. "दादांना खुर्चीही नको!"

"बरं," मी म्हटलं. "ताई, आता आतल्या खोलीत भाऊजींचं टेबल ठेव. ते जिथे बसायचे तिथेच, खिडकीपाशी."

ताईनं वेळ घेतला. ती जागा तिला नीट बघायची असणार. मग माउसचा आवाज. मग ताईच म्हणाली, "टेबल नाही गं."

"तेवीस वर्षं त्या टेबलाशी बसले भाऊजी," मी म्हटलं. "तेही त्यांना नको?"

"वैराग्य!" महाराज ओरडले. "देह सुटला की टेबल कुणाला हवंय?"

"मग छप्पर बरं हवंय!" शिंपीकाका म्हणाले. "पायऱ्या हव्यात, कठडा हवा. जुनं तेवढं हवं आणि आज ठेवलेलं काहीच नको, हे कसलं वैराग्य?"

कुजबुज सुरू झाली. मी ती कान देऊन ऐकत होते. कुजबुजीचा सूर बदललेला मला फोनवरून कळतो.

"ताई," मी म्हटलं, "थ्रीडी तशीच राहू दे. आता उजवीकडची काळी पट्टी काढ."

"खबरदार!" खुर्ची पडल्याचा आवाज झाला. "टच्. त्या जागेला हात लावलात तर दादा कायमचे जातील. पुन्हा या घरात येणार नाहीत. मग माझ्याकडे येऊ नका रडत!"

स्वयंपाकघरात मला फक्त नळाचं थेंब थेंब पाणी ऐकू येत होतं. बाहेर काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. ताईचा हात पट्टीवर आहे, की मांडीवर, की तिनं तो महाराजांपुढे जोडलाय? बारा वर्षांत इतकी लांब शांतता मी फोनवर ऐकली नव्हती. दार उघडून बाहेर जावं असं दहादा वाटलं. गेले असते तर संपलं असतं सगळं. तिला वाटलं असतं, आली हिसकावून घ्यायला.

"ताई," मी म्हटलं. "ते गेलेतच गं. तेरा महिने झाले."

पलीकडून चिकटपट्टी टर्रकन ओढल्याचा आवाज आला.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मी तसंच येऊ दिलं. मला कुणी बघत नव्हतं. "काय दिसतंय?" मी विचारलं.

"यादी आहे." ताईचा आवाज बारीक झाला होता. "भिंती. दारं. खिडक्या. छप्पर. पायऱ्या. आणि सगळ्यांत खाली लिहिलंय, 'नंतर'."

"प्रत्येक नावापुढे काही चित्र आहे?"

"डोळा आहे. उघडा. पण 'नंतर'पुढचा डोळा मिटलेला आहे."

"आणि यातलं निळं झालेलं नाव कोणतं?"

"'नंतर'च."

"त्या मिटलेल्या डोळ्यावर माउस ने आणि एकदाच दाब."

टक्. आणि पंचवीस माणसांनी एकदम सोडलेला श्वास दाराच्या फटीतून मला ऐकू आला.

"खोली आली!" शाळेच्या बाई ओरडल्या. "खुर्चीसुद्धा! ते बघा, टेबलही आलं!"

मग मी दार उघडून बाहेर गेले आणि सगळ्यांना समजावलं. नकाशा एका कागदावर नसतो. पातळ कागदांची चवड असते, त्याला लेयर म्हणतात. भिंती एका कागदावर, छप्पर दुसऱ्यावर. नाव निळं असेल त्या कागदावर तुम्ही काढलेली नवी वस्तू जाते. कुठला कागद दाखवायचा आणि कुठला झाकायचा ते डोळ्यानं ठरतं, आणि नकाशाचे डोळे वेगळे, थ्रीडीचे वेगळे. 'नंतर' हा कागद नकाशात उघडा होता, थ्रीडीत झाकलेला. म्हणून शिंपीकाकांनी काढा, बाईंनी काढा, नाहीतर आणखी कुणी, खोली थ्रीडीत दिसणार नव्हतीच.

"म्हणजे आम्ही कापड वेगळं कापतो, अस्तर वेगळं कापतो, तसं," शिंपीकाका म्हणाले. "अस्तर टेबलाखाली ठेवलं म्हणून ते नाहीच असं होत नाही."

"अगदी तसं."

महाराज तोवर दारापाशी सरकले होते. "टच्. मी साधा माणूस, मला हे लेयरबियर काय ठाऊक? मला जे दिसलं ते मी सांगितलं."

"सर," मी हेल्पलाइनच्या आवाजात म्हटलं, "चार वर्षांपूर्वी आपलं बोलणं झालं होतं. तेव्हा तुम्ही दुकानात गिऱ्हाइकांना हाच प्रोग्रॅम चालवून दाखवायचात. जिना थ्रीडीत दिसत नाही म्हणून फोन केला होतात. मी चाळीस मिनिटं लेयर समजावले. शेवटी तुम्ही म्हणालात, टच्, एवढंच होतं होय! आणि तुम्हाला ठाऊक नसतं, तर पट्टी नेमकी त्या यादीवरच कशी बसली?"

महाराज गोरेमोरे झाले. कानावरची पेन्सिल खाली पडली, ती उचलायलाही ते थांबले नाहीत. चपलांच्या ढिगातून आपल्या शोधायला मात्र त्यांना बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ कुणी त्यांच्याशी एक शब्द बोललं नाही.

मला वाटलं, संपलं. पण घड्याळवाले आजोबा उठले. पिशवी छातीशी धरून म्हणाले, "खोलीचं समजलं, बाई. पण पहिल्या दिवशीचं ते वाक्य? अपुरं राहिलेलं काम जपून ठेवलंय, परत आणू का? ते तर दादांचंच ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताईही. तिच्या नजरेत एवढी आस होती की मला खोटं बोलावंसं वाटलं. एक वाक्य राहू द्यावं तिच्याकडे, काय बिघडतं, असं मनात आलं.

"ते मी लिहिलंय," मी म्हटलं.

कुणालाच काही समजलं नाही.

"प्रोग्रॅममधली सगळी वाक्यं आपल्या भाषेत आणायचं काम माझ्याकडे होतं. सहा वर्षं झाली. काम करताना वीज गेली किंवा प्रोग्रॅम नीट बंद झाला नाही, तर पुढच्या वेळी तो हे वाक्य दाखवतो. दर दहा मिनिटांनी तो काम साठवत असतो, ते परत देतो. ताई, भाऊजींना दवाखान्यात नेलं तेव्हा तू घाईत वायर ओढली होतीस, आठवतं? लोकांचं काम वाया गेलं की ते फोनवर रडकुंडीला येतात. म्हणून मी वाक्य जरा मायेचं लिहिलं. बस, एवढंच."

ताईनं तोंड फिरवलं. आजोबा "बरं, बरं" म्हणत पिशवीसकट बाहेर गेले. हळूहळू सगळेच उठले. कुणी मला शाबासकी दिली नाही, आणि मला ती नकोही होती. त्या माणसांना शनिवारी दुपारी चार वाजता जायला एक जागा होती, ती मी बंद केली होती. त्याबदल्यात द्यायला माझ्याकडे एका मिटलेल्या डोळ्याचा खुलासा होता. तो खरा होता, पण घरी नेऊन त्याच्याशी बोलत बसता येत नाही. आजोबांना बाहेरच्या पायऱ्यांपाशी गाठून मी एवढंच म्हटलं, "शनिवारी चहाला या. प्रश्न विचारायला नको, नुसतं चहाला." ते मान हलवून गेले. येतील की नाही ते कळलं नाही.

आत ताई कॉम्प्युटरसमोर बसून होती. स्क्रीनवर खोली होती, पूर्वेच्या खिडकीसकट.

"'नंतर' म्हणजे काय गं?" तिनं विचारलं. "तुला नको म्हणत होते का हे?"

"मला माहीत नाही."

"तुला सगळं कळतं ना यातलं?"

"यातलं कळतं. त्यांच्या मनातलं यात नाही, ताई. खोली नंतर बांधू असं असेल. टाळायचं असेल. नाव सुचलं नाही म्हणून लिहिलं असेल. ते एकट्या त्यांना ठाऊक होतं, आणि आता त्यांना विचारता येत नाही."

तिनं स्क्रीनवरच्या खिडकीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पहिल्यांदा खोली दिसली नाही ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

"मी यायला नको होते तुला?"

"तसं नाही गं." ती पदराशी चाळा करत राहिली. "मला भीती वाटायची. तू आलीस आणि तुला माझा कंटाळा आला तर? हे गेले ते न सांगता गेले. तू सांगून गेली असतीस. ते मला जास्त लागलं असतं. म्हटलं, ह्यांनीच नाही म्हटलं तर माझ्यावर काही येत नाही."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण मीही काही वेगळं केलं नव्हतं. तेरा महिने मी तिला आठवड्यातून दोनदा फोन करत होते, पाणी आलं का, औषध घेतलंस का विचारत होते. ताई, मी तुझ्याकडे राहायला येऊ का, एवढं मात्र एकदाही विचारलं नव्हतं. भाऊजींनी खोली काढली आहे, ती कधीतरी उभी राहील, मग कुणीतरी बोलवेल, अशी वाट बघत बसले होते. ती महाराजांच्या तोंडाकडे बघत होती, मी नकाशाकडे. आमच्यात शहाणं कोण होतं ते तुम्हीच ठरवा.

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "ताई, मी तुझ्याकडे राहायला येऊ का?"

ती स्क्रीनकडे बघायला लागली. मी हात पुढे करून स्क्रीनचं बटण बंद केलं. आता बघायला मीच उरले होते.

"ये," ती म्हणाली. "खोली होईल तेव्हा होईल. आतल्या खोलीत एवढी जागा आहे, तिथे झोप. आणि कंटाळा आला तर तोंडावर सांग, नुसतं वागण्यातून दाखवू नकोस."

"सांगेन. तूही सांग."

"मी तर रोज सांगीन," ती म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

वाचणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगते. यंत्र विचित्र वागलं तर ते दुरुस्त करणाऱ्याला विचारा, आणि दुरुस्त करणारा स्क्रीनवर पट्टी चिकटवायला लागला तर आधी ती पट्टी काढा. गेलेल्या माणसाची इच्छा सांगणारा कुणी भेटला तर त्याला पहिल्यांदा खुर्ची ठेवून दाखवायला सांगा. आणि जिवंत माणसाची इच्छा जाणून घ्यायची असेल, तर त्याच्या शेजारी बसून त्याला विचारा. त्याला महाराज लागत नाही, धीर लागतो. मला तो गोळा करायला तेरा महिने लागले. तुम्ही इतका वेळ लावू नका.